आमचा नांगर अतिक्रमण, त्यांचं चाक साहस?



गेल्या जुलैत घाटाखालच्या चहाच्या टपरीवर एक कागद राहून गेला. चांगला छापलेला, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला. टपरीवाल्या काकांनी तो कॉलेजला जाणाऱ्या आपल्या एका पोराकडे दिला, पोराने बैठकीत आणून मोठ्याने वाचला. मुंबईकडून आलेल्या जीपवाल्यांच्या एका गटाचा तो आराखडा. चौदा गाड्या, बेचाळीस माणसं, दोन दिवस, एक रात्र. डांबर संपतं तिथून वर माळापर्यंत, आणि माळावरून पलीकडच्या खोऱ्यात. म्हणजे आपलीच वाट. बैल, शेरडं, डोक्यावरचे हंडे आणि झोळीतले आजारी ज्या वाटेने जातात ती.

आता खोटं कशाला बोला, आराखडा झकास आहे. पुढच्या गाडीत कोण, शेवटच्या गाडीत कोण, दोन गाड्यांत अंतर किती, सगळं ठरलेलं. चढाला लागायच्या आधी टायरची हवा किती काढायची, म्हणजे टायर पसरतो नि चिखलात पकड घेतो. गाडी रुतली तर विंच कोणाच्या गाडीला, टोचनाचा पट्टा कोणाकडे. डिझेल किती, पिण्याचं पाणी माणशी किती लिटर. एकट्या गाडीने पुढे जायचं नाही, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, दारू पिऊन स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कोणाला लागलं तर जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, तिथं पोचायला किती वेळ, त्यासाठी कोणती गाडी रिकामी ठेवायची, तेही लिहिलंय. आपल्या मोर्च्याच्या जेवणाची नि पाण्याची व्यवस्था बघणाऱ्यांनी हा कागद एकदा जरूर वाचावा.

एवढ्या सगळ्यात एक शब्द नाही. गाव.

नकाशाही आहे. त्यात डांबर संपलं की नुसता हिरवा रंग. पाच पाडे त्या हिरव्यात बुडून गेलेत. विहीर नाही, शाळेची खोली नाही, खाचरं नाहीत. वाटेवर फक्त लाल आकडे: अडथळा एक, अडथळा दोन, असे सात अडथळे. जेवढे अडथळे जास्त तेवढी म्हणे मोहीम चांगली. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात जन्माला आलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं. अडथळे पाहिजे होते तर तलाठ्याकडे सातबारा काढायला यायचं होतं.

पण हे आकडे म्हणजे काय, ते आपण सांगू.

अडथळा दोन, 'चिखलाचा उतार'. तो आपल्यातल्या एका काकांचा राबाचा तुकडा. उन्हाळ्यात फांद्या, पाला, शेण पसरून भाजलेला, पहिल्या पावसात नागलीचं बी टाकलेला. ते आले तेव्हा आवणी चालू होती, निम्मं रोप अजून जमिनीतच होतं. अडथळा तीन, 'पाण्याची धार'. तो ओहळ. त्याच्या काठचा झरा दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत दोन पाड्यांना पाजतो. त्या धारेत गाड्या उभ्या करून चाकांचा चिखल धुतला. ज्या शहरातून त्या गाड्या आल्या त्याच्या नळाला पाणी येतं ते तानसातून, वैतरणेच्या धरणांतून. मधली वैतरणा तर आपल्याच तालुक्यात अडवली. त्यांच्या नळाच्या टाकीत कोणी डिझेलचं बूट बुडवलं तर चालेल का? अडथळा पाच, 'खडकाची पायरी'. ती पायरी देवाने केलेली नाही. बैलाचा पाय घसरू नये म्हणून दिवाळीनंतर दोन दिवस श्रमदान करून आपण ते दगड बसवले होते. त्यांनी ते उपटून चाकाखाली टेकू दिले आणि तिथंच टाकून गेले.

आणि अडथळा सहा. शिवेवरचा वाघदेव. वाघबारशीला जिथं आपण नारळ फोडतो, तिथं शेजारच्या ऐनाच्या झाडाला विंचचा दोर बांधला.

ज्यांनी विंच पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या नाकावर बसवलेला मोटारीचा रहाटच तो. दोर पुढच्या झाडाला बांधायचा, मोटार चालू करायची, गाडी स्वतःलाच वर ओढून घेते. जाणते गाडीवाले आधी झाडाला रुंद पट्टा गुंडाळतात, मग त्याला दोर अडकवतात; साल वाचते. घाईवाले उघडी तार बांधतात. दोन टनांचं ओझं त्या तारेवर येतं, तार सालीत रुतते. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. चारी बाजूंनी साल तुटली की झाड उभ्या उभ्या वाळतं, एक-दोन वर्षं लागतात एवढंच. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्यातल्या कोणी त्या ऐनाची साल अशी काढली असती तर एव्हाना गुन्हा नोंदला गेला असता, कोयता जप्त, नि तारखा सुरू.

आता मातीचं बघा. कारण 'गाड्या आल्या नि गेल्या, त्यात काय एवढं' असं आपल्यातही काही जण म्हणतात.

या उतारावर माती किती? कुठे वीतभर, कुठे चार बोटं, खाली काळा कातळ. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या पुढे, आणि तो सगळा चार महिन्यांत. ही चार बोटं माती जागेवर राहते ती गवताच्या मुळांमुळे नि आपल्या बांधांमुळे. आपली वाट बघा कशी जाते. तिरपी, वळण घेत, मध्येच एखादा दगड आडवा. बापजाद्यांना सरळ जाता येत नव्हतं म्हणून नाही. वाटेवरून पाणी धावू नये म्हणून. जीपवाल्याचा नियम बरोबर उलटा. चढावर गाडी तिरपी घातली तर कलंडते, म्हणून उताराला नाक लावून सरळ चढवायची नि सरळ उतरवायची. त्यांच्या जिवाच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे, कोणी मरावं असं आपण म्हणत नाही. पण तोच नियम आपल्या मातीच्या मुळावर येतो. चाक जागच्या जागी फिरतं, माती खरवडून मागे फेकतं, दोन सरळ चाकोऱ्या पडतात. एका गाडीने बोटभर, चौदाव्या गाडीने ढोपरभर. त्याच रात्री पाऊस येतो. पाण्याला सरळ खाली जायचा रस्ता आयता मिळतो. पहिल्या वर्षी चाकोरी, दुसऱ्या वर्षी ओघळ, तिसऱ्या वर्षी घळ. खालच्या खाचराचा बांध फुटतो, भात दगडगोट्यांखाली जातो. तोवर गाडीवाल्याला आपली वाट आठवतही नसते. तो दुसऱ्या डोंगरात दुसरे अडथळे मोजत असतो.

आणि तो विसरला तरी त्याचा फोन विसरत नाही. गाडी जिथून गेली ती रेघ फोनमध्ये उमटते. एकाकडून दहांकडे जाते. पहिला गट शिस्तीचा असेल, कचरा गोळा करून नेणारा असेल. त्याच्या रेघेवरून पुढच्या शनिवारी जे येतात त्यांच्याकडे ना विंचचा पट्टा, ना शेवटची गाडी, ना दारूचा नियम. या पावसाळ्यात चार वेळा गाड्या आल्या. कागद फक्त पहिल्यांचा होता.

हे सगळं राखीव जंगलात झालं. कायदा काय म्हणतो? १९२७ चा भारतीय वन कायदा, इंग्रजाने केलेला, कलम २६. राखीव जंगलात काय करायचं नाही त्याची यादी तिथं आहे. त्या यादीत एका पोटकलमात एका दमात लिहिलंय: बेकायदा आत शिरणं, किंवा गुरं चारणं. दोन्ही एकाच ओळीत, एकच गुन्हा, एकच शिक्षा. आपल्या किती जणांच्या घरी गुरं चारल्याच्या दंडाच्या पावत्या आहेत? हात वर करायला सांगितलं तर अख्खी सभा हात वर करील. आता त्याच ओळीतल्या पहिल्या शब्दाखाली शहरातल्या किती गाड्यांना पावती फाडली, ते विचारा. माहितीच्या अधिकारात लेखी विचारू.

आपण त्याच उतारावर नागली पेरली की ते अतिक्रमण. २००२ च्या मे महिन्यात दिल्लीहून एक पत्र निघालं आणि देशभर 'अतिक्रमणं' हटवायला सुरुवात झाली, लोकांची घरं पाडली. २०१९ च्या १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढा म्हटलं. देशभर आरडाओरडा झाला तेव्हा २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस आपण कसे काढले ते सांगायला नको. दाव्याला पुरावा काय, तर उपग्रहाच्या फोटोत तुमची शेती दिसत नाही म्हणे. जीपच्या चाकोऱ्या आता दिसतील बघा त्या फोटोत. आमचा नांगर जंगल मोडतो आणि त्यांचं चाक निसर्गाच्या जवळ जातं, हा हिशेब कोणी शिकवला?

आता आपल्या पोरांचं म्हणणं. ते टाळून चालणार नाही, कारण बैठकीत सर्वांत जास्त आवाज त्यावरूनच झाला.

पोरं म्हणतात, गाड्या येतात तर हाताला काम मिळतंय. धक्का मारायला तीनशे रुपये, वाट दाखवायला पाचशे. एका घरी कोंबडी नि तांदळाच्या भाकरीचं जेवण झालं, रोख पैसे मिळाले. 'तुम्ही फक्त बंदी सांगता, रोजगार कुठं हाय?' असं एका पोराने तोंडावर विचारलं. बरोबर विचारलं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर नि रेतीच्या कामावर निम्मा पाडा खाली उतरतो, तिथं काय हाल होतात ते आम्हालाही माहीत आहे. घराजवळ तीनशे रुपये मिळत असतील तर त्याला नावं ठेवायचा अधिकार पगारवाल्यांना नाही.

पण पोरांनो, हिशेब पुरा करा. धक्का मारणाऱ्या पाच जणांचे मिळून दीड हजार. त्याच चढाखाली ज्या काकांचा बांध गेला त्यांचं वर्षाचं भात गेलं. ते दीड हजार त्यांना मिळाले का? पैसा पाच खिशांत गेला, नुकसान सगळ्या पाड्याच्या पदरात. आणि ज्याला तुम्ही वाट दाखवली त्याला दुसऱ्या वेळी तुमची गरज नाही, त्याच्या फोनमध्ये रेघ आहे. तुम्ही तुमची वाट पाचशे रुपयांना कायमची विकली. ठेकेदार मोहाचा भाव पाडून नेतो तेव्हा आपण एकत्र बसून भाव ठरवतो ना? मग वाटेचा भाव एकट्याने का ठरवायचा? आणि काही वाटांना भाव नसतोच, वाघदेवाजवळची त्यातली एक.

वह्यांचंही सांगून टाकू. दुसऱ्या खेपेच्या गाड्यांनी शाळेत वह्या नि बिस्किटं वाटली, पोरांच्या हातात पुडे देऊन फोटो काढले. वह्या चांगल्या होत्या. पण वह्या वाटणाऱ्याने वर जायला परवानगी विचारली नाही नि घेणाऱ्याने विचारायला सांगितली नाही. फुटक्या बांधाची भरपाई बिस्किटाने होत नाही.

आता सगळ्यात जड गोष्ट. जुलैच्या चिखलात चौदा गाड्या ज्या चढावरून वर गेल्या, त्याच चढावरून आपण आपल्या बायांना बाळंतपणासाठी झोळीत घालून, बांबूला खांदे देऊन खाली आणतो. कागदात एका जीपवाल्याचा हात मोडला तर काय, याची सोय लिहिली आहे. आपल्या बाईसाठी अशी रिकामी गाडी कोणत्या सरकारी कागदात लिहिली आहे? रस्ता मागितला की 'जंगल आहे, परवानगी नाही' असं ऐकून आपले कान किटलेत.

'गाड्या चढतात हे दिसलं तर रस्तापन होईल' अशी काही जणांना आशा वाटते. नाही होणार. विंचने चढणारी जीप म्हणजे रस्ता नव्हे, आणि उखडलेल्या वाटेवर झोळीवाल्यांचे पायही घसरायला लागले. रस्त्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो आपल्याच हातात आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३, पोटकलम २. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी जंगलजमीन देता येते. अटी दोन: एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेने शिफारस केली पाहिजे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. चार मीटर रुंद रस्ता धरला तर सुमारे अडीच किलोमीटर. डांबर संपतं तिथून वरचा पाडा किती लांब आहे ते पायाने मोजून घ्या, मग पुढच्या वेळी 'जंगल आहे' म्हणणाऱ्यापुढे हे कलम ठेवू.

आणि त्याच कायद्याचं कलम ५. हे तोंडपाठ करा. जिथं वनहक्कधारक आहेत तिथं हक्कधारकांना आणि ग्रामसभेला अधिकार आहे की जंगल, वन्यप्राणी, जैवविविधता राखावी. पाण्याचे उगम राखावेत. आपल्या वस्तीला नि सांस्कृतिक वारशाला धक्का लावणारी कामं रोखावीत. आणि सामूहिक जंगलात कोणी यावं-जावं याचं नियमन करणारे ठराव ग्रामसभेने केले तर ते पाळले जातील हे बघावं. झरा आला, वाघदेव आला, येणं-जाणं आलं. दुसऱ्या कुठल्या कागदाची वाट बघायची? नियमांत असंही आहे की ग्रामसभेने आपली राखण समिती नेमावी. आपल्या पाच पाड्यांपैकी दोन पाड्यांत ती आहे, तीन पाड्यांत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. बैठकीत दोन मतं पडली. एक, कायमची बंदी. दुसरं, पावसाळ्यात बंदी आणि बाकी वेळी ग्रामसभेच्या परवानगीने. संघटनेचं मत दुसऱ्या बाजूला आहे. कायमची बंदी पाळायला रोज शिवेवर माणूस उभा करावा लागेल, तो कुठून आणायचा? पण पावसाळ्यातली बंदी पक्की पाहिजे. पहिल्या पावसापासून नागली-वरई खळ्यात येईपर्यंत एकही गाडी नाही, मग ती कोणाची का असेना. त्यानंतर ज्यांना यायचं आहे त्यांच्या आराखड्याची पहिली ओळ 'ग्रामसभेला अर्ज' अशी असली पाहिजे, निदान महिनाभर आधी, गाड्या किती नि वाट कुठली ते लिहून. गावची दोन माणसं आधी त्यांच्याबरोबर वाट चालून येतील आणि कुठून जायचं नाही ते दाखवतील. राब, खाचर, झरा, वाघदेव यांच्या बाजूने नाही म्हणजे नाही. झाडाला उघडी तार बांधायची नाही. फोनमधली रेघ दुसऱ्याला द्यायची नाही. ही शेवटची अट पाळली जाते का ते आपल्याला कळणार नाही, तरी ती लिहून घ्यायची. मोडली तर पुढच्या वेळी दार बंद. पैसा ग्रामसभेच्या खात्यात, पावती देऊन. मजुरी वेगळी, आणि सगळ्या पाड्यांच्या पोरांना पाळीपाळीने. मोडलेला बांध रचून दिल्याशिवाय गाड्या खाली उतरणार नाहीत.

जे चांगले गाडीवाले आहेत त्यांना यात जड काही नाही. टायरची हवा मोजणाऱ्या माणसाला एक अर्ज लिहिता येतो.

आणि जे न विचारता येतील त्यांचं? गाडी अडवा, पण गाडीला हात लावू नका. काच फोडू नका, हवा सोडू नका, शिवी देऊ नका. एक काच फुटली की चौदा गाड्यांचा गुन्हा विसरला जातो नि केस आपल्यावर उभी राहते. नंबर लिहून घ्या, फोटो काढा, तारीख-वेळ टाका, राखण समितीने जागेवर पंचनामा करून पाच जणांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. बायांनी पुढे राहावं, चारोटीच्या बाजारात जसा आवाज काढता तसा काढावा. पिकाचं नुकसान केलं, वनहक्काच्या वापरात अडथळा आणला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१६ पासून 'वनहक्क' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तो कायदा ऊठसूट काढायचा नाही. पण पोलीस ठाण्यात 'किरकोळ आहे, मिटवा' असं कोणी म्हणालं तर त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

ग्रामसभा येत्या मंगळवारी, वरच्या पाड्याच्या शाळेच्या ओट्यावर, सकाळी दहाला. निम्म्याहून कमी माणसं असली तर ठराव टिकत नाही, आणि जमलेल्यांत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, हे नियमातच आहे. त्यामुळे त्या दिवशी कोणीही मजुरीवर जाऊ नये. घरातलं एकच माणूस पाठवून भागणार नाही. ज्यांचे बांध फुटले, राब मोडले त्यांनी पट्ट्याची झेरॉक्स, नाहीतर दाव्याची पोच घेऊन यावी. ज्या पोरांनी वाट दाखवली त्यांनीही यावं. गाड्या नेमक्या कुठून कुठून गेल्या ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. जीपवाल्यांचा तो कागद भिंतीवर लावलेला असेल. त्यातल्या हिरव्या रंगावर आपले पाच पाडे, विहिरी, झरे नि खाचरं काढायची आहेत, तेव्हा कोणाकडे रंगीत खडू असतील तर घेऊन या.